ओणवी नाळ

वाघजाईच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, पायथ्याशी जीप थांबायची, चौघे उतरायचे, चौघे आपापला नकाशा उघडायचे आणि चौघांच्या नकाशांत चार वेगळे डोंगर असायचे. एकाला वर जायला तीन वाटा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला देवळाबाहेरचा बाक. याचं आता कुणाला नवल वाटत नसे. चौथा मुकाट्याने बाकावर बसे आणि डबा उघडे.

हे नकाशे विसूभाऊ तारळेकर बनवायचे. पाटबंधारे खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं आरेखक म्हणून काढली होती. त्यांनी काढलेल्या कालव्यांपैकी निम्मे कागदावरच राहिले, पण कागदावर फार सुरेख वाहिले. निवृत्तीनंतर गारगोटीतल्या घराच्या माडीवर बसून ते 'वाटसरू' नावाच्या मंचावर लोकांना हवे तसे नकाशे करून देत. मध काढणाऱ्यांना पोळ्यांचे कडे, पक्षी मोजणाऱ्यांना पाणवठे, शाळेच्या सहलीला सावली आणि शौचालयं. मागणी आली की विसूभाऊ थर निवडत, रंग जुळवत, नावं घालत. नावं घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंत्राला डोंगराची उंची बोटाबोटाने कळे, पण त्या डोंगराला खालच्या वाडीतले लोक काय म्हणतात, ते विसूभाऊंना विचारावं लागे.

पूर्वी एका डोंगराचा एकच नकाशा असायचा आणि तो धडधाकट माणसालाही तोच, धापा टाकणाऱ्यालाही तोच. ते मागे पडलं. विमानातून लेसरचे किरण सोडून झाडांखालची जमीन वीत वीत मोजून झाली. दर पावसाळ्यानंतर ते मोजमाप नवं होऊ लागलं. दुसरीकडे बुटाच्या तळव्यात पापडाएवढी पातळ चकती आली. टाच आधी पडते की चवडा, घसरल्यावर तोल किती वेळात सावरतो, चढावर पाऊल कधी जड होतं, हे सगळं ती टिपून घेई. लाखो लोकांच्या पावलांवरून यंत्र शिकलं की कसल्या पायाचा माणूस कसल्या दगडावर आपटतो. मग एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला पाय, आणि मधे एक आकडा : या वाटेवर हा माणूस जबर पडण्याची शक्यता किती? ती हजारात तीनच्या वर गेली की ती वाट त्या माणसाच्या नकाशात उमटायचीच नाही.

उमटायचीच नाही, हे महत्त्वाचं. सुरुवातीला अशी वाट लाल रंगात दाखवून शेजारी 'आपल्यासाठी बंद' असं लिहीत. वर्षभरात ध्यानात आलं की तसं लिहिलं की साठीपुढचे पुरुष हटकून तिथेच जातात. तेव्हा 'वाटसरू'च्या कंपनीने लाल रंग काढून टाकला आणि 'भरण' आणलं. झाकलेल्या वाटेच्या जागी यंत्र आजूबाजूची झाडी, आजूबाजूचा कातळ असा बेमालूम भरून टाकी की ठिगळ शोधूनही सापडू नये. अपघात निम्म्यावर आले. सरकारने खूश होऊन जंगलात दुसऱ्याच्या नावचा नकाशा वापरायला बंदी घातली. आणि दुसऱ्याच्या नकाशात काय दिसतं असं विचारणं हे दुसऱ्याचं पाकीट उघडून बघण्याइतकं असभ्य मानलं जाऊ लागलं.

पुढे 'कुटुंब-विनंती' आली. घरच्यांनी विनंती केली तर नकाशा करणाऱ्याला एखादी वाट आपल्या हाताने झाकता येई, आणि ज्याची झाकली त्याला कळवायचं बंधन नसे. सोय म्हाताऱ्यांसाठी होती. मडिलग्याकडच्या एका बाईंनी या सोयीतून नवऱ्याच्या नकाशातलं गावचं एकुलतं एक दारूचं दुकान झाकून घेतलं. नवरा तीन दिवस गावभर फिरला, वजन दोन किलोने उतरलं, आणि चौथ्या दिवशी त्याला वासाने दुकान सापडलं. हा किस्सा विसूभाऊ चार वर्षं सांगत होते. अलीकडे सांगत नाहीत.

*

बापू चौगुले गारगोटीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी समिधा पुण्यात. विसूभाऊंचे शेजारी आणि चाळीस वर्षांचे दोस्त. दोघांना जोडणारी वस्तू दोन बोटं उंचीची होती. तिचं नाव भुईपणती. भाद्रपदात नऊ-दहा दिवस जमिनीलगत पिवळसर, पणतीच्या वातीसारखं फूल यायचं, की पुन्हा वर्षभर काही नाही. ही पणती सबंध सड्यावर एकाच ठिकाणी उगवे. एका खोलगट जागेत, जिथं जायला एकच वाट होती : कातळाच्या चिरेतून वर चढणारी नाळ. तिच्यात शिरलं की बाहेर पडेपर्यंत पाठ सरळ करता येत नसे, म्हणून तिला ओणवी नाळ म्हणत. प्राचार्य असो वा गुराखी, नाळ सगळ्यांना सारखंच वाकवायची.

दोघांना ती जागा तरुणपणी सापडली. बापूंनी शोधनिबंध लिहिला, पण ठिकाण म्हणून फक्त 'वाघजाईचा सडा' एवढंच छापलं. नेमकी जागा छापली की महिन्याभरात कुणीतरी खुरपं घेऊन येतं, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मोजणीच्या वहीतही त्यांनी तारीख आणि आकडा सोडून काही लिहिलं नाही. रोजच्या घराचा पत्ता कुणी वहीत लिहून ठेवतं का? नेमकी जागा दोन डोक्यांत होती आणि एका कागदावर. तो कागद विसूभाऊंनी हक्काची रजा टाकून अकरा दिवसांत काढला होता. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, नाळेतल्या हात धरायच्या खाचांसकट. बापूंनी तो पाहून एवढंच म्हटलं होतं, "अकरा दिवस लागले? मर्दा, आपण तिथं दोन तासांत पोचतो."

तेव्हापासून एकोणतीस वर्षं दर भाद्रपदात बापू गुडघ्यांवर बसून पणत्या मोजत, विसूभाऊ आकडा लिहीत. दोनदा मोजल्याशिवाय बापू आकडा मान्य करत नसत. दोन्ही वेळा वेगळा आला की तिसऱ्यांदा.

मग विसूभाऊंचा उजवा गुडघा गेला. एका सकाळी त्यांनी स्वतःचा नकाशा उघडला तर ओणव्या नाळेच्या जागी कारवीचं रान होतं. भरण इतकं सुंदर होतं की त्यांना कारागीर म्हणून कौतुक वाटलं. आणखी जे वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं बापू एकटे वर गेले आणि विसूभाऊ देवळाबाहेरच्या बाकावर डबा उघडून बसले. बापू खाली यायचे ते चिखलाने भरलेले, डोळे लकाकत. "दोनशे चौदा! लिही, दोनशे चौदा!" विसूभाऊ लिहीत. भाजीपोळी त्या दिवशी गोड लागत नसे.

*

जूनमध्ये समिधाचा फोन आला.

"काका, तुम्हीच काहीतरी करा. बाबा त्या सड्यावर एकटे जातात. अडुसष्ट वय झालं. पूर्वी तुम्ही तरी असायचात बरोबर, आता तर तुम्हीही वर जाऊ शकत नाही."

हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. ते जिथं लागायचं तिथं लागलं.

"मी विनंती टाकलीय," ती म्हणाली. "ज्या अवघड वाटा असतील त्या झाका. त्यांना कळू देऊ नका, नाहीतर मुद्दाम जातील."

"बघतो," विसूभाऊ म्हणाले.

त्यांनी बापूंचं पान उघडलं. कामासाठी त्यांना सगळ्यांचे आकडे दिसत. ओणव्या नाळेसमोर बापूंचा आकडा होता : हजारात एक. खाली यंत्राने पुस्ती जोडली होती की या पायांना ही वाट आणखी चारेक वर्षं द्यायला हरकत नाही. बापूंचा तोल पन्नाशीतल्या माणसासारखा होता. हे समिधाला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

विसूभाऊ त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी नाळ झाकली. यंत्राने कारण विचारलं. तीन पर्याय होते : वय, आजार, इतर. ते प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी 'इतर' निवडलं.

*

श्रावणात एका दुपारी बापू फोन हातात घेऊनच माडीवर आले.

"विसू, हे बघ की जरा. ह्यात नाळ कुठाय?"

यावर काय बोलायचं ते विसूभाऊंनी दोन महिने घोटून ठेवलं होतं. 'यंत्रानं बंद केली असेल रे, वय झालं आपलं.' मग बापू चिडले असते, कंपनीला शिव्या दिल्या असत्या, पाऊण तास भांडण झालं असतं आणि ते बिननकाशाचे नाळेत घुसले असते. म्हणजे पुन्हा बाक, पुन्हा डबा.

"कुठली नाळ?" विसूभाऊ म्हणाले.

तोंडातून ते इतकं सहज गेलं की त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"कुठली म्हणजे? ओणवी. पणतीची."

"पणतीला आपण डोंगराच्या सोंडेवरनं जायचो की."

"सोंडेवरनं?" बापू हसले. "काय बोलतोस! वाकून वाकून पाठ मोडायची रे. गेल्या साली गेलोय मी."

"गेल्या साली धुकं किती होतं, आठव. तू बेडकाच्या घळीत शिरला असशील. तिथंही वाकावंच लागतंय."

बापूंनी नकाशा दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. जिथं नाळ असायची तिथं कारवी होती, खाली कातळ होता, कातळावर उन्हाची तिरीपसुद्धा होती.

"तुझा तो कागद काढ बरं," ते म्हणाले. "अकरा दिवसवाला."

"त्याला वाळवी लागली. मागच्या पावसाळ्यात टाकून दिला."

"वाळवी."

"हं."

बापू जरा वेळ विसूभाऊंकडे पाहत राहिले. चाळीस वर्षांत या माणसाने त्यांना एक आकडा चुकीचा लिहून दिला नव्हता. "मग राहिलं," ते म्हणाले आणि चहा न घेता जिना उतरले.

चहा घेऊन वर आलेल्या विसूभाऊंच्या पत्नी शैलाताई दारात उभ्या होत्या. "आपल्या कपाटाला वाळवी कधी लागली?"

"तू कुठं उघडतेस ते कपाट."

"रोज उघडते. तुमचे सदरे त्यातच असतात." त्यांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले. "काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. गणपती झाले की सांगणार आहे त्याला."

"काय सांगणार आहात?"

विसूभाऊंनी दोन्ही कप प्यायले.

*

गौरी-गणपती झाले. दोघं वाघजाईला गेले. विसूभाऊ बाकावर बसले, बापू कानात नकाशाचं बोंडूक घालून निघाले. कानातला आवाज त्यांना मऊ शब्दांत सोंडेच्या वाटेने वर नेत होता. 'आता डावीकडे. शाब्बास. आता सरळ.'

एरवी ज्या माणसाने तीस वर्षं ती जागा पायाखाली घातली, त्याला ती डोळे मिटून सापडायला हवी. पण गेली दहा वर्षं बापू डोंगराकडे पाहत चालले नव्हते, नकाशाकडे पाहत चालले होते. आपण सगळेच तसे चालतो. त्यात त्या वर्षी कारवी छातीएवढी वाढलेली आणि ढग जमिनीला टेकलेले. नाळेचं तोंड सोंडेपासून चारशे पावलांवर होतं. पायांना ते आठवत असेलही, पण दर वेळी बापूंचे पाय तिकडे वळले की कानातला आवाज म्हणे, 'इकडे वाट नाही,' आणि बापू मागे फिरत.

तीन तासांनी ते खाली आले. चिखल नेहमीएवढाच होता. डोळे नव्हते लकाकत.

"सापडली नाही रे." ते बाकाच्या टोकाला बसले. "सगळा सडा पालथा घातला. खोलगट जागा नाही, पणती नाही. विसू, मग आपण इतकी वर्षं कुठं जात होतो?"

त्या क्षणी सांगायचं होतं. विसूभाऊंनी पुढे अनेकदा हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक वेळी तो क्षण तिथेच येऊन थांबला. समोर बापू, मधे डबा, वर झाकलेली नाळ आणि तिच्या पलीकडे त्या घटकेला फुललेल्या दोनेकशे पणत्या.

"असेल रे कुठंतरी तिथंच," विसूभाऊ म्हणाले. "चल, चहा घेऊ."

त्या वर्षी वहीत आकडा पडला नाही.

*

त्यानंतर बापू बदलले ते हळूहळू, पण शास्त्रज्ञाच्या शिस्तीने. ज्या उपकरणाचं एक मोजमाप चुकलं त्याची सगळी मोजमापं संशयास्पद, असं ते आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. आता उपकरण त्यांचं स्वतःचं डोकं होतं. त्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कुलूप लावून चार पावलं जाऊन परत येऊन ओढून पाहू लागले. बाजारात ओळखीचा माणूस भेटला तर तो आधी आपलं नाव सांगेपर्यंत थांबू लागले. 'नसलो ओळखत तर?' असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

समिधाने त्यांना कोल्हापुरात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते आणि तपासणी नव्या पद्धतीची. रुग्णाला त्याच्या ओळखीच्या एखाद्या वाटेचं वर्णन करायला सांगायचं आणि ते त्याच्या नकाशाशी ताडून पाहायचं. बापूंनी ओणव्या नाळेचं वर्णन केलं. खाचा किती, शेवाळ कुठं, डावा हात कुठल्या दगडावर. वीस मिनिटं बोलले. समिधाला तेव्हा आपली जूनमधली विनंती आठवली नाही. डॉक्टरांनी नकाशा पाहिला आणि अहवालात लिहिलं : अस्तित्वात नसलेल्या स्थळाचं अत्यंत तपशीलवार वर्णन. तपशील जितका जास्त तितकं लक्षण गंभीर.

दिवाळीनंतर समिधा त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघताना बापूंनी गल्लीच्या टोकाशी थांबून विसूभाऊंना विचारलं, "आपण दोघं शेजारीच राहत होतो ना?" आणि विसूभाऊंचा चेहरा पाहून म्हणाले, "चेष्टा केली लेका."

माघात एक पाकीट आलं. आत शोधपत्रिकेच्या संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत होती, बापूंच्या टपोऱ्या अक्षरात. 'भुईपणती या वनस्पतीविषयीची माझी एकतीस वर्षांची निरीक्षणं कृपया ग्राह्य धरू नयेत. निरीक्षणांचं ठिकाण मला निश्चित सांगता येत नाही. प्रत्यक्ष शोधूनही ते आढळलं नाही. चूक माझ्या स्मरणाची आहे. सहकारी श्री. तारळेकर यांनी माझ्या सांगण्यावरून आकडे लिहिले, त्यांच्याकडे दोष नाही.'

शेवटचं वाक्य विसूभाऊंनी पुन्हा पुन्हा वाचलं. मग त्यांनी समिधाला फोन लावला.

"समिधा, ती वाट आहे."

"कुठली?"

"ओणवी नाळ. बापू सांगतोय ती. खरी आहे. मीच झाकली. तुझी विनंती आली तेव्हा."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"पण डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी नकाशा बघितला. मी केलेला."

"बाबांनी तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं. मी म्हटलं, कुठली नाळ?"

समिधा अगदी हळू म्हणाली, "काका, मी झाकायला सांगितलं होतं. नाही म्हणायला नव्हतं सांगितलं."

विसूभाऊंनी त्याच दुपारी माडीवर बसून बापूंच्या नकाशावरचं कुलूप काढलं. कारवी तशीच राहिली. त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. मग आकडा पाहिला. हजारात सात. पुण्यातल्या सातव्या मजल्यावर बापूंनी तीन महिन्यांत बूट घातले नव्हते. घरातल्या सपातांतही चकती होती; तिने टिपलेल्या चालीवरून यंत्राने हिशेब केला होता, आणि हिशेब बरोबर होता. आता वाट विसूभाऊंनी झाकलेली नव्हती. ती बापूंच्या पायांतूनच गेली होती.

राहिला कागद. शैलाताईंनी तो न विचारता कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून दिला.

"वाळवी नाही," त्या म्हणाल्या, "पण कसर लागलीय. हा कोपरा बघा."

कसरीने खालचा उजवा कोपरा तेवढा खाल्ला होता, जिथं आरेखक सही आणि तारीख घालतो. बाकी नाळ, खाचा, खोलगट जागा, सगळं काल काढल्यासारखं काळंभोर होतं. त्या काळी शाई चांगली मिळायची.

*

पुण्यात समिधाने दार उघडलं, पाणी दिलं आणि बाल्कनीकडे बोट दाखवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिने बापूंना नाळ खरी असल्याचं दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ते 'बरं' म्हणाले होते.

बाल्कनीत कुंड्यांची रांग होती. प्रत्येक कुंडीत आइसक्रीमची काडी खोचलेली आणि काडीवर चिठ्ठी. जन्मभर हजारो मुलांना झाडं ओळखायला शिकवलेल्या माणसाने तुळशीच्या कुंडीत 'तुळस' असं लिहून लावलं होतं.

"ये विसू," बापू म्हणाले आणि चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो नाव आपल्याला आठवल्याचाही होता.

विसूभाऊंनी बसायच्या आतच सुरुवात केली. थांबलो तर चहा येईल आणि चहा आला की आपण पुन्हा चहाच घेऊ, हे त्यांना स्वतःबद्दल ठाऊक झालं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. समिधाची विनंती, हजारात एकचा आकडा, 'इतर'. स्वतःचा गुडघा आणि तो बाकही सांगितला. "तू एकटा वर जायचास ते मला बघवत नव्हतं, बापू. एवढंच होतं. तुझी काळजी वगैरे काही नव्हती." हे त्यांनी शैलाताईंनाही सांगितलं नव्हतं.

बापू नीट ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विसूभाऊंच्या गुडघ्यावर थोपटलं. मग विसूभाऊंनी गुंडाळी सोडून कागद त्यांच्या मांडीवर पसरला.

बापूंचं बोट सड्याच्या कडेने गेलं, नाळेच्या तोंडाशी आलं, आत शिरलं. पहिली खाच, दुसरी, शेवाळाचा दगड. ओठ पुटपुटत होते. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांची पाठ खुर्चीतल्या खुर्चीत वाकली.

विसूभाऊंनी गुंडाळी होऊ पाहणारी कागदाची कड दाबून धरली.

बापूंचं बोट कागदावरून उचललं गेलं. "हात अजून चांगला आहे तुझा," ते म्हणाले.

"हा तो जुना कागद आहे, बापू."

"त्याला वाळवी लागली होती. तूच सांगितलंस."

"खोटं सांगितलं."

"आणि आता खरं सांगतोयस."

"हो. देवाशप्पथ."

बापू हसले. वर्गात एखाद्या गरीब मुलाने दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतली की ते असेच हसायचे. "मी सांगितलं तसंच काढलंयस सगळं. डॉक्टरांना सांगितलं होतं तसंच. शेवाळाचा दगडसुद्धा विसरला नाहीस." त्यांनी आत पाहिलं. "हिनं ऐकवलं असेल तुला. आणि तो गुडघ्याचा किस्सा! स्वतःवर एवढं घ्यायचं काही कारण नव्हतं रे."

"बाबा," समिधा दारातून म्हणाली, "काका खरं..."

"असू दे गं. समजतं मला." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. काळीभोर नाळ उन्हात लखलखीत दिसत होती. "किती दिवस लागले काढायला?"

विसूभाऊंना पुष्कळ बोलायचं होतं. पण प्रश्न साधा होता आणि आता या माणसाला आणखी एक खोटं सांगायचं नाही, असं त्यांनी गारगोटीहून निघतानाच ठरवलं होतं.

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा दिवस!" बापूंचे डोळे भरून आले. "या वयात. माझ्यासाठी."

मग त्यांनी खिशातून चिठ्ठ्या लिहायचं पेन काढलं, कसरीने खाल्लेल्या कोपऱ्याच्या जरा वर, जिथं कागद शाबूत होता तिथं, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'विसूनं काढला', आणि खाली, विसरू नये म्हणून, आजची तारीख घातली.